वाडग्याखालची नोट

अण्णांनी हजार येनची नोट चार घड्या करून रिकाम्या वाडग्याखाली सरकवली आणि वाडगा असा ठेवला, की नोटेचं एक टोक बाहेर दिसत राहावं.

“एवढी?” समोर बसलेल्या रिसबुडांनी विचारलं.

“मग काय चिल्लर ठेवू? बाईने गुडघ्यांवर बसून वाढलंय. गुडघ्यांचे वेगळे लागतात की नाही?”

“अहो, पण इथे पद्धत नाही म्हणे. केतकी सकाळी बसमध्ये सांगत होती.”

“पद्धत नाही असं सगळीकडेच म्हणतात,” अण्णा म्हणाले. “म्हणून नोट कोणी टाकून देत नाही.”

रिसबूड ठाण्याचे. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. गेले सहा दिवस ते आणि माझे वडील प्रत्येक जेवणाला जगभरातल्या वेटरांची उजळणी करत होते. जपानमधल्या ताकायामा नावाच्या गावातल्या त्या लहानशा लाकडी दुकानात, जिथे पाय दुमडून बसावं लागत होतं आणि ज्याच्या खिडकीतून एक अतिशय सुंदर नदी दिसत होती, तिथेही ती चालूच होती.

“पॅरिसला सर्व्हिस बिलातच धरलेली असते,” रिसबूड म्हणाले. “तरी वर चार नाणी ठेवली नाहीत तर एकेकाची तोंडं बघा. आमच्या हिला विचारा.”

“आंबलेल्या ताकासारखी,” नलिनीताई रिसबूड म्हणाल्या.

“पॅरिसचं काय घेऊन बसलात!” अण्णा म्हणाले. “न्यू जर्सीला आमच्या शिरीषकडे गेलो होतो. तिथे बिलाखाली छापलेलंच असतं. अठरा टक्के, वीस टक्के, बावीस टक्के. यातल्या एकावर खूण करा म्हणे. मी शिरीषला म्हटलं, बळजबरीने घेतात त्याला टीप म्हणत नाहीत, दंड म्हणतात.”

“मग? नाही दिलीत?”

“दिली की. बावीसवर खूण केली. त्याला वाटायला नको, हळब्यांना परवडत नाही म्हणून बोलतायत.”

रिसबूड हसले. मग त्यांनी म्युनिकची गोष्ट काढली. ती मी तिसऱ्यांदा ऐकत होते. तिथे म्हणे टेबलावर पैसे ठेवून निघायचं नसतं, बिल देतानाच वरचा आकडा धरून सांगायचा असतो. रिसबुडांनी नाणी टेबलावर ठेवली, आणि वेटरने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्याच्या अंगावरच फेकली होती. अण्णांनी दाद दिली. दोघं मिळून अर्धं जग पाहून आले होते आणि त्यातलं त्यांच्या हाती उरलं होतं ते एवढंच : कुठे, कोणाला, किती ठेवले.

“माझं शास्त्र सोपं आहे,” अण्णा म्हणाले. “शेवटच्या दिवशी टीप देतो तो मूर्ख. पहिल्या दिवशी द्यायची. मग पोळी तव्यावरून थेट ताटात येते.”

“आणि तोंडाने चार शब्द गोड बोलायचे,” नलिनीताई म्हणाल्या.

“ते कशाला? खिसा बोलतो.”

हे मात्र खरं होतं. अण्णा एका खत कंपनीत विक्री अधिकारी होते. महिन्यातले पंधरा दिवस फिरती. कराडपासून बार्शीपर्यंतच्या खाणावळींत आणि लॉजांत हळबेसाहेब आले म्हटल्यावर फडकी झटकली जात, कोपऱ्यातलं पंख्याखालचं टेबल मोकळं होई. लहानपणी एकदा मी त्यांच्याबरोबर पंढरपूर रस्त्यावरच्या एका हॉटेलात गेले होते. तिथल्या वेटरने त्यांच्यासाठी आमटीवर वेगळी फोडणी करून आणली होती. मला तेव्हा वाटलं होतं, आपले वडील फार मोठे आहेत.

उरलेले पंधरा दिवस ते सांगलीला घरी जेवत. घरी आई वाढायची. काही हवं असलं की अण्णा ताटाच्या काठावर बोटाने टिचकी मारत. एक टिचकी म्हणजे पोळी, दोन म्हणजे भात. आमटी हवी असली की वाटीवर. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी असली तरी आवाजावरून तिला कळायचं, टिचकी ताटावर वाजली की वाटीवर. जेवण झालं की ते उठत, हात धुवत आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेरच्या खोलीत जात. जेवण कसं झालं होतं हे मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. आईनेही ऐकलं नसावं.

एकदा कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाहून परतताना आम्ही चौघं एका हॉटेलात जेवलो होतो. मी तेव्हा सोळा वर्षांची असेन. अण्णांनी ताटाखाली दहाची नोट ठेवली. त्या काळी दहा रुपये म्हणजे दोन थाळ्या. आई हसत म्हणाली, “आमच्याही ताटाखाली ठेवत जा की हो कधीतरी काही.”

“घरच्यांना कोणी टीप देतं का?” अण्णा म्हणाले.

सगळे हसले. माझा भाऊ शिरीष हसला, मी हसले. आईसुद्धा हसली.

जपानच्या सहलीला खरं म्हणजे मी यायचं नव्हतं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होणार म्हणून अण्णांनी दोघांची नावं वर्षभर आधी नोंदवली होती. सप्टेंबरात आई गेली. सहल कंपनीने पैसे परत द्यायला नकार दिला, पण नाव बदलून द्यायची तयारी दाखवली. तसं आईच्या जागी माझं नाव लागलं. मी पुण्यात एका कॉलेजात इतिहास शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं, एप्रिलमध्ये सुट्टी मिळण्यासारखी होती. मुंबईहून विमान सुटलं आणि पट्टे सोडायची खूण झाल्याबरोबर अण्णांनी विषय काढला.

“उजू, आता तू सांगलीलाच ये.”

“म्हणजे?”

“म्हणजे राहायला. पुण्यात तुझं आहे कोण? आणि कॉलेजं काय, सांगलीतही आहेत. स्वयंपाकाला तीन बायका ठेवून झाल्या. एकही टिकली नाही.”

“का टिकल्या नाहीत?”

“त्यांना वाढता येत नाही.” मग जरा वेळाने म्हणाले, “घाई नाही. परत जाईपर्यंत सांग.”

मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. राजीनाम्याचा मजकूर मनातल्या मनात दोनदा लिहून झाला होता. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी परीक्षांच्या गडबडीत दोनदाच सांगलीला जाऊ शकले होते, आणि अशा मुलीकडून कोणीही काहीही कबूल करून घेऊ शकतं. त्या दिवशी सकाळी बसमध्ये अण्णांनी पुन्हा विचारलं, “ठरलं का?” मी म्हटलं, “आज सांगते.”

ताकायामात आपल्याकडचं जेवण मिळण्यासारखं नव्हतं. बाकीच्या मंडळींनी कंपनीने दिलेली ठेपल्यांची आणि चिवड्याची पाकिटं बसमध्येच उघडली. आम्हा चौघांसाठी आमच्या टूर मॅनेजर केतकीने या दुकानात आधी फोन करून मासे न घातलेलं जेवण सांगून ठेवलं होतं. केतकी पस्तिशीची, पुण्यात जपानी शिकलेली, दोन वर्षं ओसाकाला राहून आलेली. वीस-पंचवीस प्रवासी सांभाळून तिच्या चेहऱ्यावर एक कायमचं हसू बसलं होतं. तिने सकाळी बसमध्ये माईकवरून सांगितलं होतं, “इथे टीप कोणी घेत नाही, काका-काकू, प्लीज ठेवू नका. फक्त जेवून उठताना ‘गोचिसोसामा’ म्हणायचं. म्हणजे, तुम्ही आमच्यासाठी एवढी धावपळ केलीत, पोटभर मिळालं. तेवढंच त्यांना पुरतं.”

“एवढ्यावर भागतं?” अण्णा मागून म्हणाले होते. “स्वस्त देश आहे.” बस हसली होती.

दुकान एका म्हाताऱ्या जोडप्याचं होतं. नवरा पडद्याआड रांधत होता, बायको वाढत होती. ती पासष्टीची तरी असेल. पांढरा ॲप्रन, केस घट्ट बांधलेले. प्रत्येक लाकडी तबक आणताना ती गुडघ्यांवर बसे, दोन्ही हातांनी तबक समोर ठेवी आणि प्रत्येक वाडगा किंचित फिरवून त्याची चांगली बाजू खाणाऱ्याकडे करी. टोफू, भोपळ्याची भजी, कसलीशी डोंगरी पालेभाजी, मुळ्याचं लोणचं, वाफाळता भात. भात संपल्यावर अण्णांनी तबकाच्या काठावर दोन टिचक्या मारल्या.

केतकीचं हसू पहिल्यांदाच उतरलं. “काका, असं नका ना…”

पण बाई आलीच होती. तिने अण्णांचा रिकामा वाडगा दोन्ही हातांनी उचलला, आत गेली आणि भरून आणला. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ. भाषा येत नाही, पण वाढता येतं.”

मी विचार करत होते की जूनपासून ही टिचकी मला ओळखायला शिकावं लागेल. मग लक्षात आलं की मला ती येतेच.

जेवण झालं. नलिनीताईंनी हात जोडून “घोसाळीसामा” म्हटलं आणि स्वतःच खुदकन हसल्या. रिसबूड बँकेत सही करावी तसे गंभीरपणे पुटपुटले. मीही म्हटलं. बाई प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होती. अण्णांनी ओल्या रुमालाने तोंड पुसलं, वाडग्याखालच्या नोटेवर शेवटची नजर टाकली आणि एक शब्द न बोलता दाराशी जाऊन बुटांत पाय घालू लागले. मी पाहिलं : बाई त्यांच्याकडे वळून थोडी वाकून उभी होती. तिला वाटलं असावं, ते आता म्हणतील.

आम्ही पन्नासएक पावलं गेलो असू. दोन्ही बाजूंना काळ्या लाकडाची जुनी घरं, मधून वाहणारा पन्हाळीएवढा ओढा. मागून हाक आली. बाई धावत येत होती. पायांत घरातल्या सपाता, हातात लाकडी तबकडी, आणि तबकडीवर अण्णांची नोट, घड्या उलगडून सरळ केलेली.

ती अण्णांपुढे थांबली, धापा टाकतच वाकली आणि तबकडी पुढे केली.

“राहू दे, राहू दे,” अण्णा मराठीत म्हणाले आणि त्यांनी तबकडी मागे ढकलली.

बाई पुन्हा वाकली आणि तबकडी पुन्हा पुढे आली.

“अहो, ठेवा तुम्ही. तुमच्यासाठीच आहेत.” अण्णांनी नोट उचलली आणि तिच्या मुठीत कोंबू लागले. बाईने मूठ उघडली नाही. “घ्या म्हटलं ना!”

“सुरू झालं लग्नातल्या पाकिटासारखं,” रिसबूड मला म्हणाले. त्यांना मजा येत होती.

आपल्याकडे पाकीट देणाऱ्याने कोंबायचं आणि घेणाऱ्याने नको नको म्हणायचं असतं. ‘नको’ हा त्यातला एक विधी असतो, त्याचा अर्थ ‘नको’ असा कोणी घेत नाही. अण्णांनी त्याच समजुतीने बाईच्या ॲप्रनच्या खिशात नोट खुपसली, खिशावर दोनदा थोपटलं आणि विजयी चेहऱ्याने वळले. भर रस्त्यात, एका परक्या, पासष्ट वर्षांच्या बाईच्या खिशात. बाई हात अंगाजवळ घेऊन जागच्या जागी उभी राहिली. मग लगबगीने दुकानाकडे परत गेली.

“घेतली की नाही शेवटी?” अण्णा म्हणाले.

केतकी पुढच्या कोपऱ्यावर गाव फिरून आलेल्या बाकीच्या मंडळींना बसची दिशा दाखवत होती. ती परत येईपर्यंत बाईही परत आली होती. या वेळी तिच्याबरोबर तिचा नवराही होता. बुटका, कपाळाला पंचा बांधलेला, हात अजून ओले. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले आणि एकदम वाकले. तबकडी पुन्हा पुढे आली.

अण्णांचा चेहरा बदलला. मग त्यांना उलगडा झाल्यासारखं दिसलं.

“कमी वाटले,” ते मला म्हणाले, आणि त्यांनी पाकीट उघडून आणखी हजारची नोट काढली.

मी आजवर अनेक माणसांचा तिरस्कार केला आहे, बहुतेक पुस्तकांतल्या. पण त्या नोटेकडे बघताना मला जे वाटलं तेवढं निर्मळ काही मी क्वचितच अनुभवलं असेल.

“काका!” केतकी धावत आली. “काका, ठेवा आत. पैसे नकोत त्यांना.”

“मग काय हवंय?”

केतकी बाईशी बोलली. बाई भराभर बोलत होती, मधूनच अण्णांकडे बघत होती, मधूनच नवऱ्याकडे. नवरा मान खाली घालून ऐकत होता.

“काय म्हणते?” अण्णांनी विचारलं.

“ती म्हणतेय… तुम्ही काहीच न बोलता उठलात. बाकी सगळे बोलले. मग तुमच्या वाडग्याखाली पैसे सापडले. तिला वाटतंय, जेवणात काहीतरी बिघडलं होतं आणि तुम्ही तिचा अपमान होऊ नये म्हणून बोलला नाहीत. नवऱ्यालाही बोलावून आणलंय तिने, कारण रांधलं त्यांनी. ते विचारतायत, काही चुकलं का?”

“चुकलं असतं तर बोललो असतो,” अण्णा म्हणाले.

केतकी त्यांच्याकडे वळली. “काका, हे मी त्यांना जपानीत कसं सांगू?”

मला ते वाक्य कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. अण्णा जेवून उठत तेव्हा आई विचारायची, “काही चुकलंय का हो?” रोज नाही, आठवड्यातून एकदा. एखाद्या नव्या भाजीच्या दिवशी, एखाद्या सणाला. आणि अण्णा हात धुता धुता म्हणायचे, “चुकलं असतं तर बोललो असतो.” ते बाहेर गेले की आई कढईतला थोडा रस पळीने तळहातावर घ्यायची आणि चाखून बघायची. डोळे मिटून, काय चुकलं असेल ते शोधत. मीठ, चिंच, गूळ. सापडायचं नाही. मग ती पुन्हा चाखायची.

बाई वाट बघत होती. तिच्या सपातांना चिखल लागला होता.

“मग सांग, छान झालं होतं म्हणून,” अण्णा केतकीला म्हणाले.

“तुम्हीच सांगा ना काका. त्या तुम्हाला विचारतायत.”

“मला कुठे येतं ते घोचीघोची?”

“मराठीत म्हणा. कळेल त्यांना.”

अण्णांनी रिसबुडांकडे पाहिलं, नलिनीताईंकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. हातातली नोट पाकिटात ठेवली, पाकीट खिशात ठेवलं. मग ते त्या बाईकडे वळले, घसा साफ केला आणि म्हणाले, “छान झालं होतं हो जेवण. फार छान झालं होतं.”

बाईला शब्द कळले नसणार. पण तिचा चेहरा उजळला. तिने तोंडावर हात ठेवला, नवऱ्याच्या दंडाला कोपर लावलं, दोघं हसले आणि कमरेत वाकून कितीतरी वेळ तसेच राहिले. वर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. अण्णाही हसले. आणि मग, ज्या माणसाने आयुष्यात देवापुढेसुद्धा पुरतं वाकून नमस्कार केला नव्हता, तो माणूस कमरेत वाकला.

“किती गोड!” नलिनीताई म्हणाल्या. त्यांनी फोटो काढला. तो फोटो पुढे सहलीच्या सगळ्यांना पाठवला गेला. माझ्याकडेही आहे.

मी ओढ्याच्या काठावर उभी होते. माझ्या मनात त्या निरपराध बाईबद्दल इतका राग होता की मला तिच्याकडे बघवेना. तिने त्यांना एकदाच वाढलं होतं.

बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले, मी शेजारी. ते प्रसन्न होते. बस गावाबाहेर पडून डोंगराला लागली तेव्हा म्हणाले, “खूश झाली बिचारी.”

“हो.”

“डोळ्यांत पाणी आलं बघ तिच्या. एवढ्याशाने. काय लागतं? दोन शब्द.”

“दोन शब्द,” मी म्हटलं.

“शिवाय हजार येन वाचले.” ते मागे वळून रिसबुडांना म्हणाले, “काय रिसबूडसाहेब, वाचले की नाही?”

“बावीस टक्क्यांच्या वर फायदा!” रिसबूड मागून ओरडले. बस हसली.

मी हसणं संपायची वाट पाहिली.

“अण्णा, मी सांगलीला येणार नाही.”

“आं?”

“राहायला. मी येणार नाही. तुम्ही परत जाईपर्यंत सांग म्हणाला होतात. सांगितलं.”

समोरच्या सीटला जोडलेला छोटा ट्रे त्यांनी उघडून ठेवला होता. त्याच्या काठावर त्यांची बोटं होती.

“आत्ता मध्येच कुठून निघालं हे? सकाळपर्यंत तर… माझं काही चुकलं का, उजू?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. वाक्य तयारच होतं. ते मला शोधावं लागलं नाही.

“चुकलं असतं तर बोलले असते,” मी म्हटलं.

अण्णांनी ते ओळखलं. त्यांचं एक बोट सवयीने वर उचललेलं होतं. ते ट्रेवर आपटलं नाही, तसंच हवेत राहिलं, मग हळूच खाली आलं. त्यांनी ट्रे मिटला आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर देवदाराची झाडं होती, मैलोन् मैल. उरलेल्या चार दिवसांत त्यांनी रिसबुडांशी वेटरांचा विषय काढला नाही. रिसबुडांनी काढला तेव्हा म्हणाले, “असेल.”

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, मी आईचं काहीतरी वसूल केलं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीला गेले. दाराशीच खमंग वास आला. मला वाटलं, चौथी बाई टिकली असावी. आत गेले तर टेबलावर ताट मांडलेलं. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, काकडीची कोशिंबीर, उजवीकडे कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी. आई मांडायची अगदी तसं. ओट्यापाशी अण्णा उभे, खांद्यावर फडकं.

“तुम्ही केलंत?”

“मग कोण करणार? शेजारच्या भोकरेबाईंनी शिकवलं. पोळ्या अजून गोल येत नाहीत. बस.”

“तुम्ही?”

“मी मागून. बस तू.”

मी बसले. ते बसले नाहीत. हातात पळी घेऊन उभे राहिले, माझ्याकडे न बघता, पण माझ्याकडेच लक्ष ठेवून.

“पोळी?”

“अर्धी.”

“भाजी वाढू?”

“थोडी.”

“भोकरेबाई म्हणत होत्या, दाण्याचं कूट माझ्या हातून जरा जास्त पडतं.”

“हं.”

“तिखट नाही ना?”

“नाही.”

मी जेवले. चवीने जेवले. ताट पुसून घेतलं. शेवटचा घास संपला. अण्णा पळी हातात धरून थांबले होते. कशासाठी थांबले होते ते मला माहीत होतं. जगात ते माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. दोन शब्दांचं काम होतं.

मी पाणी प्यायले, ताट उचललं आणि हात धुवायला गेले.

पुढे नऊ वर्षं मी अशीच जेवले, दिवाळीत आणि मे महिन्यात. अण्णांच्या पोळ्या गोल येऊ लागल्या. ते पुरणही करायला शिकले. दर वेळी तसेच थांबत, दर वेळी मी उठत असे. त्यांनी मला कधीच विचारलं नाही. या ज्येष्ठात ते गेले. दहाव्याला भोकरेबाई मला म्हणाल्या, “तुम्ही यायच्या आधी दोन दिवस करून बघायचे हो. मला वाटी पाठवायचे, चव बघायला. मी म्हणायची, अण्णा, उत्तम झालंय. तर म्हणायचे, तुमचं नका सांगू.”

पण मला त्या पहिल्या दिवाळीचंच सांगायचं आहे. आमच्या बेसिनवर एक आरसा आहे आणि त्यात ओटा दिसतो. मी नळ सोडला आणि वर पाहिलं. अण्णांनी कढईतला थोडा रस पळीने तळहातावर घेतला. डोळे मिटून चाखला. थांबले. मग पुन्हा पळी बुडवली आणि पुन्हा चाखला.

भाजीत काहीही चुकलेलं नव्हतं.